दुधाने पडलेला डाग

४ जुलै

धाकटोबा,

तुझं शास्त्राचं पुस्तक आणि मूलद्रव्यांचा तक्ता, दोन्ही पोचलं. तक्ता आधी शेगडीच्या वरच्या भिंतीला लावला होता. वाफेने कोपरे सुटले, म्हणून आता कपाटाच्या दाराला आहे. तुझा दादा म्हणतो, घरात माणसं कमी पडत होती का, म्हणून ही एकशे अठरा आणखी आणलीस?

तू फोनवर म्हणालास, परीक्षा हाताने लिहायची आहे, तेव्हा शंकासुद्धा पत्रानेच विचार, बोटांना वळण लागेल. लागतंय. चार ओळींतच अंगठा दुखायला लागला. अठ्ठावीस वर्षं मुलाम्याच्या कारखान्यात नळाच्या तोट्या उचलल्या, तेव्हा नाही दुखला.

मी हे का करतेय ते एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे मलाच धीर राहील. नवा नियम आलाय. मुलाम्याच्या हौदांची तपासणी करणाऱ्या आणि ॲसिड हाताळणाऱ्या माणसाकडे शालान्त परीक्षेचा दाखला हवा, शास्त्र विषयासकट. माझी शाळा नववीत सुटली. मालकीणबाई म्हणाल्या, "तुमच्याशिवाय हौद चालत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण कागदाला ठाऊक नाही ना." जानेवारीपर्यंत दाखला आणला तर हौद माझे. नाही तर बांधणीच्या खोलीत बसून खोक्यांना चिकटपट्टी लावायची. हौदाचं पाणी बिघडलंय हे मी नुसत्या रंगावरून सांगते रे, आणि मी चिकटपट्टी लावायची. माझ्याने नाही व्हायचं ते. भाषा आणि गणित मी बघून घेते, शास्त्र तू बघ.

परीक्षेच्या फॉर्मात 'ओळखीची खूण' असा रकाना होता. कारकुनाला मनगट दाखवलं. त्याने विचारलं, डाग कशाचा? म्हटलं, जुना आहे.

आता पहिली शंका. अणू कुणाला डोळ्यांनी दिसत नाही असं तुझं पुस्तक म्हणतं, आणि पान उलटलं की त्याचं चित्र काढतं. हे कसं काय?

दुधाला तू तोंड वाकडं करतोस ते ठाऊक आहे, पण निदान वेळेवर जेवत जा.

तुझी विद्यार्थिनी, वय वर्षे पन्नास,
वहिनी


११ जुलै

वहिनी,

बारा वर्षं शिकवतोय, पण ही शंका मला एकाही विद्यार्थ्याने विचारलेली नाही. ते चित्र म्हणजे घराचा नकाशा समज. नकाशात भिंत म्हणून रेघ असते, पण रेघेला कुणी पाठ टेकून बसत नाही. हिशेब मांडायला मात्र नकाशा लागतोच.

तर अणू म्हणजे असं घर. मधोमध केंद्रक, आणि भोवती एकाबाहेर एक खोल्या. खोल्यांत खुर्च्या, खुर्च्यांवर इलेक्ट्रॉन. पहिल्या खोलीत दोन खुर्च्या, दुसरीत आठ, तिसरीतही तुझ्या परीक्षेपुरत्या आठच. बाहेरच्या खोलीत किती जण बसलेत, त्यावर अणूचा स्वभाव ठरतो. सोडियम: २, ८, १. बाहेरच्या खोलीत एकटाच बसलाय, म्हणून त्याला देऊन टाकायची घाई. क्लोरीन: २, ८, ७. एकच खुर्ची रिकामी, म्हणून त्याला घ्यायची घाई. सोडियमने दिलं, क्लोरीनने घेतलं, की दोघं एकमेकांना धरून बसतात आणि त्याचं मीठ होतं. याला आयनिक बंध म्हणतात. तक्त्याच्या अगदी उजवीकडच्या रांगेतले वायू, त्यांच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या. ते सहसा कुणाच्या देण्याघेण्यात पडत नाहीत.

हात जपत जा. तू मनगटाचं लिहिलंस आणि मला तो दिवस आठवला. शिष्यवृत्तीची परीक्षा, मी दहा वर्षांचा. दूध गार आहे म्हणून कुरकुर केली. तू पुन्हा तापवायला ठेवलंस आणि मी न पिताच पळालो. संध्याकाळी येऊन बघतो तर तुझ्या हाताला पट्टी. घाईत पातेलं कलंडलं, असं तू हसत सांगितलंस. मला मात्र अजून हसू येत नाही.

तुझा,
धाकटोबा


२५ जुलै

धाकटोबा,

एक गंमत सांगते, तुझ्या वर्गालाही सांग. तक्त्याच्या चौथ्या ओळीत क्रोमियम चोविसावं, निकेल अठ्ठाविसावं, तांबं एकोणतिसावं, जस्त तिसावं. आमच्या कारखान्यात हौद कसे आहेत ठाऊक आहे? डावीकडे भिंतीपाशी क्रोमचा, त्याची वाफ वाईट म्हणून जरा लांब. मग जागा सोडून निकेल, तांबं, जस्त, शेजारी शेजारी. मी अठ्ठावीस वर्षं तक्त्याच्या चौथ्या ओळीत फिरत होते आणि मला पत्ता नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मालकीणबाईंना विचारलं, तुमच्या वडिलांनी तक्ता बघून हौद बांधले का? त्या म्हणाल्या, त्यांनी गटार कुठे आहे ते बघून बांधले.

खुर्च्यांचं बरोबर समजलं. तुझा दादा त्या उजवीकडच्या रांगेतला. रोज संध्याकाळी मला तक्त्यातले प्रश्न विचारतो, उत्तर बरोबर आलं की नुसती मान हलवतो, आणि तिसऱ्या प्रश्नाला झोपतो. कुणाच्या देण्याघेण्यात नाही.

आता तुझी तक्रार. कॉलेजात असताना सुट्टीला आलास तेव्हा परातीत पाणी घेऊन त्यात सोडियमचा कण टाकला होतास. तो कसा पळाला, फसफसला, आणि शेजारीण ओरडत आली. तोच तू आता नुसतं '२, ८, १' लिहितोस. तुझ्या अख्ख्या पत्रात काही उकळत नाही, कशाचा वास येत नाही. यंदा पोरांना कोणता प्रयोग दाखवलास ते लिही बरं. मला वाचायला आवडेल.

वहिनी


९ ऑगस्ट

वहिनी,

प्रयोगशाळेत रंगकाम चालू आहे, त्यामुळे सध्या फळ्यावरच शिकवतो.

तू फोनवर विचारलंस, सोडियमने एकदा दिलेला इलेक्ट्रॉन त्याला परत मिळतो का. मिळतो, पण सहजासहजी नाही, वीज लागते. आणि याचं उत्तर तू माझ्यापेक्षा जवळून बघितलं आहेस. तुझ्या तांब्याच्या हौदात जी तांब्याची पाटी टांगलेली असते, तिच्यातले अणू प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन तारेतून फिरून तोटीपर्यंत येतात. पाण्यातून तोटीपाशी पोचलेल्या तांब्याला ते दोन परत मिळतात, आणि ते पुन्हा धातू होऊन तिथेच बसतं. तुझा मुलामा म्हणजे एवढंच. ज्यांनी दिलं त्यांना परत देणं.

हे लिहिताना वाटलं, मी आठ वर्षांचा असताना तू आपल्या घरात आलीस, आणि स्वतःचं शिक्षण अर्धवट राहिलेलं असताना मला शिकवलंस. मी आत्ता जे करतोय ते बहुधा तारेचं काम. बरं वाटतं वहिनी.

सोडियमवर फार अडकू नकोस, परीक्षेत तेवढं येत नाही.

धाकटोबा


१६ ऑगस्ट

धाकटोबा,

परवा हौदापाशी उभी राहून तोटी लाल होताना बघत बसले. हाताखालच्या मुलींना वाटलं, बाईंना चक्कर आली. म्हटलं, चक्कर नाही, मी इलेक्ट्रॉन वाटतेय. तारेचं जे लिहिलंस ते वाचून रडले, हे तुला मुद्दाम सांगत नाही, पण कागदावर डाग दिसेल म्हणून सांगते.

आता खरं बोल. रंगकामाला अख्खी सहामाही लागते का? भिंती आहेत की किल्ला आहे? आणि रंग कोणता लावला, तेवढं लिही. तुझ्या पत्रात दोन वेळा सोडियम आलाय, आणि पहिल्या वेळी तू लिहून, खोडून, पुन्हा लिहिलंय. लहानपणी गृहपाठ राहिला की तू असंच अक्षर काढायचास. ताकाला जाऊन भांडं लपवू नये, आणि माझ्यापासून तर मुळीच नाही.

मी वाट बघते.

वहिनी


२० सप्टेंबर

वहिनी,

महिना गेला. चार वेळा लिहायला बसलो.

रंगकाम नाही. प्रयोगशाळा मी बंद केली, किल्ली माझ्या खणात आहे. मार्चमध्ये नववीला सोडियम दाखवत होतो. दरवर्षी तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापतो. पहिला तुकडा पळाला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, मागचे ओरडले, "सर, अजून मोठा." आणि मी मोठा कापला. शेंगदाण्याएवढा. टाळ्या आवडल्या गं, दुसरं काही कारण नाही. तो नुसता पळाला नाही, फुटला. पेटता कण पहिल्या बाकावरच्या मुलीच्या भुवईवर उडाला. डोळा बोटभर अंतराने वाचला.

तिच्या आईवडिलांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, होतं असं. पण मुलगी अजून पहिल्याच बाकावर बसते, आणि रोज हजेरी घेताना मला तिची भुवई दिसते. मध्ये केस उगवत नाहीत.

मी अर्ज दिलाय. पुढच्या जानेवारीपासून मला वर्गावर पाठवू नका, ग्रंथालय सांभाळेन. मुख्याध्यापिका डिसेंबरात निर्णय देणार आहेत. सोडियम बाटलीत रॉकेलखाली ठेवतात, हवाही लागू देत नाहीत. तसं मलाही बाजूला ठेवलेलं बरं. तुझी परीक्षा होईपर्यंत सांगणार नव्हतो. तुझा अभ्यास बिघडला तर ते आणखी एक माझ्या माथ्यावर.

धाकटोबा


२७ सप्टेंबर

बाळ,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू चुकलास. त्यावर पांघरूण घालत नाही. टाळ्यांसाठी तुकडा मोठा कापलास आणि एका पोरीचा डोळा जाता जाता राहिला. पण तू ग्रंथालयात जाऊन बसलास तर तिची भुवई उगवणार आहे का? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, ते समजू शकते. तू तर ताकाचं भांडंच फोडायला निघालास.

आणि दुधाचा विषय निघालाच आहे तर ऐक. सव्वीस वर्षं हे कुणाला बोलले नाही.

माझ्या मनगटावरचा डाग दुधाचा नाही. ॲसिडचा आहे. तुझ्या परीक्षेच्या दिवशी मला दुपारी लवकर निघून शाळेच्या फाटकापाशी उभं राहायचं होतं. तू न पिता गेला होतास ना, उपाशी. म्हणून घाई केली. ॲसिड पाण्यात ओतायचं असतं, थोडं थोडं. मी ॲसिडच्या भांड्यात पाणी ओतलं. कामावर लागून दोन वर्षं झाली होती आणि मला पक्कं ठाऊक होतं, हे म्हणजे कळत होतं पण वळलं नाही. ते उसळलं. घरी खरं सांगितलं असतं तर सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून माझं कारखान्यात जाणं बंद केलं असतं. म्हणून पातेलं कलंडलं म्हटलं. तुझ्यामुळे झालं असं तू मनात धरशील, हे तेव्हा लक्षात आलं नाही. पुढे आलं, पण तोवर थाप जुनी झाली होती, आणि मी भित्री. तुझ्या जुलैच्या पत्रावर मी त्या विषयावर एक अक्षर लिहिलं नाही, बघितलंस ना? मला माफ कर. दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर मी माझी चूक ठेवली.

दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून कामावर गेले. तेव्हाची आमची हौदांवरची मोठी बाई, आता ती नाही, तिने मला हौदापासून लांब केलं नाही. म्हणाली, "चल, आता तूच ओत. मी बघते." आधी पाणी, मग ॲसिड, मग नेहमीसारखी नमुन्याची पट्टी बुडवायची. नवा हौद लावला की आम्ही आधी पत्र्याची एक पट्टी बुडवून बघतो. बिघडली तर पट्टी जाते, माल वाचतो. मी ती पट्टी उघड्या अंगठ्याने धरली होती. बोटाचं तेल लागलं की मुलामा तिथे धरत नाही. पट्टीवर माझा अंगठा जसाच्या तसा उमटला, रेषांसकट. तिने ती फेकली नाही, माझ्या हातात दिली. ती सोबत पाठवतेय.

तू आधी रिकाम्या वर्गात करून बघ. तांदळाएवढा. मी परीक्षेला बसते, तू ते कर. हा आपला सौदा.

वहिनी


६ ऑक्टोबर

वहिनी,

दोन दिवस तुझ्यावर रागावलो होतो. नंतर राग धरवेना.

सव्वीस वर्षं मी दूध पीत नाही. आवडत नाही म्हणून नव्हे. पेला समोर आला की तुझ्या हाताला बांधलेली पट्टी दिसायची. वसतिगृहात डॉक्टर म्हणाले, दूध घे, तर मी त्यांना सांगितलं, मला पचत नाही. आणि तू इतकी वर्षं पाहुण्यांना सांगत आलीस, आमच्या धाकट्याला दुधाचं वावडं आहे. आपण दोघं मिळून एका निरपराध पातेल्यावर किती आळ घेतला.

पत्र्याची पट्टी मिळाली. शर्टाच्या खिशात असते. सौद्याचं मी अजून हो म्हणत नाही. तू अभ्यास कर. आम्ल विरल करण्याचा प्रश्न दरवर्षी येतो.

धाकटोबा


३० नोव्हेंबर

धाकटोबा,

झाला पेपर. खोलीत सगळी सोळा-सतरा वर्षांची पोरं, मला पर्यवेक्षक समजून दोघं उभी राहिली.

आला तुझा प्रश्न. 'आम्ल विरल करताना आम्लात पाणी का ओतू नये?' पहिल्यांदा लिहिलं, 'कारण माझ्या मनगटावर आहे.' मग खोडलं आणि पुस्तकातलं लिहिलं, मिसळताना खूप उष्णता बाहेर पडते, पाणी हलकं म्हणून वर राहतं, तिथेच उकळून आम्लासकट उडतं. मग भांडं कसं धरायचं, किती थांबायचं, बाहेरून हात लावून किती ऊन झालं ते कसं बघायचं, दीड पान झालं. तीन गुणांचा प्रश्न रे तो. उजवीकडच्या रांगेतल्या वायूंचा प्रश्न लिहायला वेळच उरला नाही. घरी येऊन तुझ्या दादाला सांगितलं, तुमच्यावरचाच प्रश्न राहिला. त्याने मान हलवली.

पास होईन की नाही, सांगता येत नाही. भीती वाटते. चिकटपट्टीचा आवाज कानात येतो.

माझ्याकडून सौदा पुरा. आता तुझं बोल.

वहिनी


१४ डिसेंबर

वहिनी,

रिकाम्या वर्गात तीनदा केलं. पहिल्यांदा चिमट्यातून तुकडा सुटला. खिशात पट्टी होती.

मग त्या मुलीला बोलावलं. आता ती दहावीत आहे. म्हटलं, मार्चमध्ये मी चुकलो, टाळ्यांच्या नादात. तुझी माफी मागायची राहिली होती. तिने टेबलावरच्या तराजूकडे बघितलं. मग म्हणाली, "पुन्हा दाखवणार असाल तर तुकडा मी मोजू का सर?"

काल केलं. सगळ्यांना चष्मे, पहिला बाक रिकामा, मध्ये काच. ती तराजूपाशी उभी राहून वजन मोठ्याने सांगत होती, वाणसामानाच्या दुकानात सांगतात तसं. तुकडा तांदळाएवढा. मागून कुणीतरी म्हणालंच, "सर, एवढासाच?"

मी म्हटलं, "एवढासाच."

तो पळाला, फसफसला, विरघळला. पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन हा रंग बदलणारा दर्शक घातला होता, तुकड्याच्या मागून गुलाबी रेघ उमटत गेली. वर्गात रॉकेलचा वास आला. तू तक्रार केली होतीस ना, म्हणून वास मुद्दाम लिहिलाय.

मुख्याध्यापिकांनी अर्ज परत दिला. त्यांनी तो उघडलेलाच नव्हता. निकाल लागला की लगेच कळव. मला वर्गात लक्ष लागत नाही.

धाकटोबा


१० जानेवारी

धाकटोबा,

पास. शास्त्रात एकसष्ट. फोनवर सांगितलं तेव्हा तू नुसतं नाक ओढलंस, म्हणून लिहून कळवते. हौद माझे राहिले. मालकीणबाईंनी दाखल्याची प्रत भिंतीला लावली, क्रोमच्या बाजूला, तिथे ती वर्षभरात पिवळी पडणार. पडू दे.

नव्या कामाचा फॉर्म घरी आणून भरत होते. पुन्हा तोच रकाना, ओळखीची खूण. या वेळी सरळ लिहिलं, 'उजव्या मनगटावर ॲसिडने भाजल्याचा डाग.' तुझा दादा शेजारी बसून बघत होता. त्याने वाचलं, आणि मान हलवली. म्हटलं आता सांगावंच लागणार. म्हटलं, अहो, एक गोष्ट मी तुमच्यापासून सव्वीस वर्षं लपवली.

तो म्हणाला, "ठाऊक आहे."

म्हटलं, कुणी सांगितलं? धाकट्याने?

"कुणी कशाला सांगायला हवं? त्या दिवशी तुझे कपडे मीच धुतले. दुधाने बाहीला भोकं पडत नाहीत."

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई विचारत होती, झंपर कुठे गेला. मी जाळून टाकला होता. तुला काम आवडत होतं ना."

एवढं बोलून तो झोपला. मी कितीतरी वेळ फॉर्म तसाच हातात धरून बसले होते. उजवीकडच्या रांगेतला म्हणून मी याला हसत आले रे.

सुट्टीला ये. दादा स्वतः दूध तापवणार म्हणतोय, तिघांसाठी.

वहिनी